दोन शहरांमधलं अंतर आणि फ्लाइटचा वेळ स्वतः कसा काढायचा (मुंबई-नागपूर धरून)

मुंबई ते नागपूर किती किलोमीटर असं नेटवर टाकून बघा, कुठे 685 दिसेल, कुठे 837, कुठे 701 आणि कुठे आठशेच्या वर काहीतरी. वेळेचंही तसंच, कुणी सव्वा तास सांगतं, कुणी दीड, तिकिटावर 1 तास 35 मिनिटं छापलेलं असतं आणि घरी आई विचारते की पोचायला किती वाजतील तर त्याचं उत्तर या तिघांपैकी एकातही नसतं. यात खोटं कोणीच बोलत नाहीये, प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजतोय एवढंच. कोण काय मोजतंय ते कळलं की पुढचा हिशोब दहा मिनिटांचा आहे आणि तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. माझं घर नागपूरचं आणि पोट मुंबईत, त्यामुळे उदाहरण तेच घेतो, पण पद्धत कुठल्याही दोन शहरांना लागू पडते.

आधी अंतराचं बघू. 837 हा रेल्वेचा आकडा आहे, सीएसएमटी ते नागपूर, कल्याण-मनमाड-भुसावळ मार्गे रुळावरून मोजलेला. रेल्वेच्या तिकिटावर अंतर छापलेलं असतं आणि भाडंही त्यावरच ठरतं, त्यामुळे हा आकडा पक्का. 701 म्हणजे समृद्धी महामार्गाची लांबी, पण तो भिवंडीजवळ आमणेला सुरू होतो आणि नागपूरच्या अलीकडे शिवमडक्याला संपतो, तेव्हा दादरहून आमणेपर्यंतचं आणि तिकडे शिवमडक्यापासून घरापर्यंतचं अंतर तुम्हाला वेगळं मिळवावं लागतं. हा रस्ता पूर्ण व्हायच्या आधी जुन्या हायवेने जे आठशेच्या वर पडायचं ते अजूनही बऱ्याच साइटवर तसंच पडून आहे. आणि 685 च्या आसपासचा जो आकडा आहे तो हवाई अंतर, म्हणजे एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंत सरळ रेषेत.

अंतर नेहमी एका ठराविक बिंदूपासून दुसऱ्या ठराविक बिंदूपर्यंत असतं, शहरापासून शहरापर्यंत नाही, ही गोष्ट आम्हा नागपूरकरांना लहानपणापासून डोळ्यासमोर असते कारण गावात झिरो माइलचा खांब आहे. चार घोड्यांच्या शेजारचा तो दगडी खांब, त्याच्या चौथऱ्यावर आजूबाजूच्या शहरांची अंतरं कोरलेली आहेत, मोजायला सुरुवात कुठून केली ते त्यामुळे स्पष्ट कळतं. नेटवरच्या आकड्यांना असा खांब दिसत नाही, तो तुम्हाला शोधावा लागतो. साइट शहराच्या मध्यापासून मोजतेय की विमानतळापासून एवढं आधी बघा, लहान अंतराला यानेच वीस-पंचवीस किलोमीटरचा फरक पडतो.

आता हवाई अंतर स्वतः काढायचं. गूगल मॅपवर विमानतळावर बोट दाबून धरलं की पिन पडते आणि खाली दोन आकडे दिसतात, अक्षांश आणि रेखांश. मुंबई विमानतळाचे साधारण 19.09 आणि 72.87, नागपूरचे 21.09 आणि 79.05. अक्षांशांची वजाबाकी करा, बरोबर 2 अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे कुठेही सुमारे 111 किलोमीटर, तेव्हा नागपूर मुंबईपेक्षा 222 किलोमीटर उत्तरेला. रेखांशांची वजाबाकी 6.18 येते, पण रेखांशाचा अंश विषुववृत्तावरच 111 किलोमीटरचा असतो आणि जसजसं उत्तरेला जावं तसतसा तो आखडत जातो, कारण सगळे रेखांश ध्रुवावर जाऊन मिळतात. किती आखडतो ते अक्षांशाच्या कोसाइनवरून कळतं, शाळेतलं त्रिकोणमितीचं तेच. 20 अंशाचा कोसाइन 0.94, म्हणजे 111 गुणिले 0.94 बरोबर 104 किलोमीटर आणि थोडं वर. 6.18 ला त्याने गुणलं की 645 किलोमीटर पूर्वेला. मग पायथागोरस, 222 चा वर्ग अधिक 645 चा वर्ग आणि त्याचं वर्गमूळ, उत्तर 682. साइटवरच्या 685 च्या इतकं जवळ की दोन-तीन किलोमीटरसाठी भांडायचं कारण नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या कुठल्याही दोन गावांसाठी रेखांशाचा अंश सरसकट 105 किलोमीटर धरला तरी चालतं, एखाद-दोन टक्क्यांच्या वर चूक होत नाही. मात्र ही युक्ती हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंतच वापरा. त्यापुढे पृथ्वीचा गोलपणा हिशोबात घ्यावाच लागतो आणि तिथे ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट कामाला येते, दोन विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकले की अंतर आणि नकाशावर वाकडी रेषा दोन्ही दिसतं. ती रेषा वाकडी का असं बरेच जण विचारतात. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा अरबस्तान, आफ्रिकेच्या वरच्या टोकावरून जाईल, पण घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर दोरा ताणून बघा, तो आपोआप उत्तरेला सरकतो आणि युरोपवरून जातो. सगळ्यात जवळचा रस्ता तोच, नकाशा सपाट केल्यामुळे तो वाकडा दिसतो.

कोडवरून आठवलं, विमानतळ कुठला ते आता डोळे उघडे ठेवून बघायला लागतं. मुंबईचा कोड बीओएम, पण 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय त्याचा कोड एनएमआय. सर्च करताना दोन्हीकडच्या फ्लाइट एकाच यादीत येतात, स्वस्त दिसली म्हणून बोरिवलीच्या माणसाने उलव्याहून, म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळावरून, सुटणारी फ्लाइट घेतली तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात, आणि पनवेल, खारघरच्या माणसाला तीच फ्लाइट सोन्याहून पिवळी. गोव्याचं तर याहून अवघड आहे. दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स, जानेवारी 2023 पासून दोन्ही चालू आहेत, एक राज्याच्या मध्याला आणि दुसरं पार पेडण्याला महाराष्ट्राच्या सीमेजवळ. दक्षिणेला काणकोण, पाळोळ्याला जाणारा मोपाला उतरला तर त्याला पूर्ण गोवा उभा पार करावा लागतो आणि उत्तरेला हरमलला जाणारा दाबोळीला उतरला तर त्याचं उलट, यात विमानात वाचवलेला वेळ रस्त्यावर दुपटीने परत जातो. सावंतवाडी, बांद्याच्या लोकांना मात्र मोपा अगदी दारात आलंय.

आता वेळ. इथे बहुतेक जण एकच चूक करतात, विमानाचा वेग आठशे-साडेआठशे, अंतर 685, भागाकार करून पन्नास मिनिटं काढतात आणि मग तिकिटावर दीड तास बघून विचारात पडतात. विमान पूर्ण वेळ त्या वेगाने जातच नाही. मुंबई-नागपूरवर नेमकं काय होतं ते बघा. टेकऑफ झाल्यावर दहा हजार फुटांच्या खाली साधारण 250 नॉटची, म्हणजे ताशी 460 किलोमीटरच्या आसपासची मर्यादा असते, त्यात आधी समुद्राच्या दिशेने उडून मग वळून पूर्वेला यायचं. छत्तीस हजार फुटांवर पोचेपर्यंत दोनशे किलोमीटर गेलेले असतात, सरळ रेषा धरली तर विमान शिर्डीच्या आसपास सपाट होतं. उतरायलाही दोनशे किलोमीटर लागतात, कारण हजार फूट खाली यायला साधारण तीन सागरी मैल असा पायलट लोकांचा ढोबळ हिशोब आहे आणि सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. म्हणजे अकोल्याच्या दक्षिणेला कुठेतरी इंजिनचा आवाज मंद होतो आणि कानात दडे बसायला लागतात, तिथून उतरण सुरू. शिर्डी ते अकोला एवढ्याच पट्ट्यात विमान खऱ्या अर्थाने पूर्ण वेगात असतं, जेमतेम वीस मिनिटं. चढायला बावीस-तेवीस मिनिटं, सपाट वीस, उतरायला पंचवीसच्या थोडं वर, झाली सत्तर मिनिटं हवेत.

त्यात जमिनीवरचा वेळ मिळवा. विमान गेटवरून मागे ढकललं जातं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकतं, तिकडे उतरल्यावर पुन्हा आपल्या जागेवर जाऊन थांबतं. जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतच्या या पूर्ण वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात आणि तिकिटावर छापलेला असतो तो हाच. मुंबईत दहा ते वीस मिनिटं, नागपूरला पाच, म्हणजे सत्तरचे नव्वद-पंचाण्णव. एअरलाइन त्यात अजून थोडा वेळ हातचा राखून ठेवते, म्हणूनच कधीकधी तुम्ही वीस मिनिटं उशिरा निघता आणि तरीही वेळेवर पोचता.

एवढं सगळं दरवेळी करायची गरज नाही, लक्षात ठेवायला सोपं असं सांगतो. किलोमीटरमधलं अंतर 800 ने भागा, येईल ते तास, त्यात अर्धा तास मिळवा. मुंबई-नागपूर 685 ला 51 मिनिटं अधिक 30, म्हणजे 1 तास 21. एखाद्या टोकाला मुंबई किंवा दिल्लीसारखं गर्दीचं विमानतळ असेल तर अजून दहा-पंधरा मिनिटं, झाला छापलेला वेळ. मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे 1140, म्हणजे 85 अधिक 30 अधिक 15, सव्वादोन तासांच्या जरा आत, तिकिटावरही तेवढंच सापडेल. फक्त विमान पंख्याचं एटीआर असेल तर 800 च्या जागी 500 घ्या. सरकारच्या उडान योजनेत अडीच हजार रुपयांच्या भाड्याची जी मर्यादा ठेवली होती ती तासाभराच्या किंवा सुमारे 500 किलोमीटरच्या प्रवासासाठी होती, छोट्या विमानांचा वेग डोक्यात धरूनच तो आकडा काढलेला दिसतो. विमान कुठलं आहे ते बुकिंग करताना फ्लाइट नंबरखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेवढं वाचा.

मुंबईबद्दल थोडं जास्त लिहितो कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक फ्लाइटचा उशीर इथेच होतो. सांताक्रूझ-सहारच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी वापरात एकच. त्या एका धावपट्टीवर तासाला 46 च्या आसपास विमानं चढ-उतार करतात, म्हणजे दर सव्वा मिनिटाला एक. त्यात एखाद्याने जरा वेळ घेतला की मागच्या सगळ्यांना हवेत घिरट्या घालत थांबावं लागतं. अशी एक घिरटी चार-पाच मिनिटांची असते. खिडकीत बसला असाल आणि तीच टेकडी, तीच खाडी दुसऱ्यांदा दिसली, ऊन एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून आलं तर समजा की रांगेत आहोत, घ्यायला येणाऱ्याला उगाच पार्किंगमध्ये ताटकळत ठेवू नका, उतरल्यावरच फोन करतो म्हणून आधीच सांगून ठेवा. जून-जुलैच्या मुसळधार पावसात तर नागपूरहून मुंबईला येताना अर्धा तास जास्तीचा धराच. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकेक दिवस दुरुस्तीसाठी दोन्ही धावपट्ट्या दिवसा काही तास बंद ठेवतात, त्याची तारीख आधी जाहीर होते, त्या दिवशी संध्याकाळचं महत्त्वाचं काम ठेवू नये असं मी तरी सगळ्यांना सांगतो.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का लागतो याचं कारण वारा. हिवाळ्यात आपल्या देशावरून, जास्त करून उत्तर भारतावरून, वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. नागपूरला जाताना तो पाठीवर असतो, मुंबईला येताना तोंडावर. एवढ्या छोट्या पल्ल्यात फरक पाच-दहा मिनिटांचा, पण अंतर वाढलं की तो चांगलाच जाणवतो. मुंबई-दुबई 1930 किलोमीटर, जाताना सव्वातीन तास लागतात आणि येताना तीन तासांच्या आत. मुंबई-लंडन 7200 किलोमीटर, तिथे जायच्या आणि यायच्या वेळेत तासाभराचा फरक सहज पडतो.

परदेशाचं तिकीट असेल तर अजून एक गोष्ट, तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. समजा मुंबईहून 10 वाजता निघून दुबईला 11.45 ला पोचतंय असं छापलंय, तर प्रवास पावणेदोन तासांचा नाही, दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, तो मिळवा, सव्वातीन तास. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार, कारण ते लोक मार्चच्या शेवटी घड्याळ पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटी मागे. ज्येष्ठ मंडळी पहिल्यांदा एकटी मुलांकडे जाणार असतील तर त्यांच्यासाठी कागदावर दोन ओळी लिहून द्या, एक तिथल्या घड्याळाप्रमाणे आणि एक घरच्या, औषधांच्या वेळेसाठी हे फार उपयोगी पडतं.

आणि हवाई अंतर तेच राहूनही वेळ बदलू शकतो, कारण कोणाच्या आकाशातून जायला मिळतं त्यावरही तो अवलंबून आहे. 2019 मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं आणि एप्रिल 2025 मध्ये ते भारतीय कंपन्यांसाठी पुन्हा बंद झालं. त्याचा फटका दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांना जास्त बसला, मुंबईहून विमानं बरीचशी अरबी समुद्रावरून जात असल्यामुळे इथे कमी. म्हणून लांबच्या प्रवासाला जुन्या पानावरचा आकडा धरू नका, त्या आठवड्यात ती फ्लाइट खरंच किती वेळ घेतेय ते बघा. फ्लाइटरडार24 या साइटवर फ्लाइट नंबर टाकला की मागच्या काही दिवसांत ती किती वाजता उडाली, किती वाजता उतरली सगळं फुकट दिसतं. रोज चाळीस मिनिटं उशीर करणारी फ्लाइट तुमच्या दिवशीच वेळेवर येईल अशी आशा धरण्यापेक्षा दुसरी बघावी.

सर्च करताना एकूण वेळ पाच-सहा तास दिसला तर मधे विमान बदलायचं आहे हे समजा, नागपूरसाठी दिल्ली किंवा हैदराबाद फिरून जाणाऱ्या फ्लाइट यादीत हमखास घुसतात. आणि डायरेक्ट लिहिलंय म्हणजे मधे थांबत नाही असं नव्हे, नंबर तोच राहून विमान मधे कुठेतरी उतरू शकतं, तुम्ही नॉन-स्टॉप हा पर्याय निवडा.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे घरापासून घरापर्यंत. डोंबिवलीहून निघणारा माणूस घ्या. विमानतळापर्यंत दीड-दोन तास, सामान द्यायचं असेल तर काउंटर फ्लाइटच्या तासभर आधी बंद होतं आणि गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी, म्हणून दीड तास तरी हाताशी ठेवून पोचायचं. मग ब्लॉक टाइम 1.35, नागपूरला बॅग मिळून बाहेर यायला वीस-पंचवीस मिनिटं, सोनेगावच्या विमानतळावरून घरी अर्धा तास. बेरीज साडेपाच-सहा तास. दक्षिण मुंबईतून निघणाऱ्याचा हिशोब आता सुधारलाय, ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो 3 कफ परेडपासून थेट टी1 आणि टी2 या दोन्ही स्टेशनांना जाते, तिथे ट्रॅफिकचा धोका राहिला नाही. टर्मिनल कुठलं ते मात्र आदल्या रात्री तिकिटावर परत बघा.

समोर दुरांतो ठेवा, रात्री सीएसएमटीला बसलात की साधारण अकरा तासांत नागपूर, आणि त्यातले आठ तास झोपेचे. विदर्भ एक्सप्रेसला चौदाच्या आसपास. समृद्धीने आमणे ते शिवमडका आठ तास म्हणतात पण जेवण, चहा, पेट्रोल आणि मुंबईतून बाहेर पडणं धरून दहा-साडेदहा धरा, कारला 120 ची मर्यादा आहे, ती पाळा, त्या सरळसोट रस्त्यावर डोळा लागायला वेळ लागत नाही आणि एकट्याने सलग चालवूच नये. माझं मत विचाराल तर एका दिवसाच्या कामाला विमान, आणि लहान मुलं, आजी आणि संत्र्यांच्या पेट्या असतील तर दुरांतो, त्यात काही वादच नाही.

शेवटी ब्लॉक टाइम तिकिटावर नीट बघून ठेवायचं अजून एक कारण, डीजीसीएच्या, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमांमध्ये भरपाई त्यावरच ठरते. कंपनीने ऐनवेळी, आधी न कळवता फ्लाइट रद्द केली तर एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला 5000 रुपये, एक ते दोन तासांना 7500 आणि त्यावर 10000, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. मुंबई-नागपूर मधल्या गटात बसतं. पाऊस, धुकं, संप असं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर ही भरपाई मिळत नाही. उशिराचंही तसंच, अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या फ्लाइटला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. ते कोणी आपणहून आणून देईलच असं नाही, काउंटरवर जाऊन मागायचं, आणि शब्द ब्लॉक टाइम हाच वापरायचा.